दास्यमुक्तीची वाट : पंचगंगेच्या घाटापासून माणगावापर्यंत

कोल्हापूरची यात्रा म्हटली की आपल्या घराघरांतून तिचा क्रम ठरलेला असतो. सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन यावयाचे, अंबाबाईचे दर्शन घ्यावयाचे, घरच्या सुवासिनींनी खणानारळाने ओटी भरावयाची, दुपारी जोतिबाचा डोंगर, उन्हे कलताना पन्हाळगड, दुसरे दिवशी नरसोबाची वाडी आणि सवड असल्यास खिद्रापूरचे कोपेश्वराचे शिल्प. या क्रमातील एकही गोष्ट गाळावी असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. परंतु याच वाटांच्या कडेने दुसरीही एक यात्रा आहे आणि ती आपल्या कुटुंबांच्या यादीत क्वचितच आढळते, एवढे मात्र सांगावयाचे आहे. ती माणसे दास्यातून सुटली त्या वाटेची यात्रा होय. गेल्या पौषात आम्ही घरची पाच माणसे ती करून आलो. मी, माझी पत्नी, वहिनी, नववीत शिकणारी पुतणी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे अण्णामामा. त्या दोन दिवसांची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

या कल्पनेचे मूळ दूरदेशी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडील राज्यांतून पळून उत्तरेकडे जाणाऱ्या गुलामांच्या गुप्त वाटांना ‘भूमिगत रेल्वे’ असे नाव पडले होते. या रेल्वेस रूळ नव्हते आणि डबेही नव्हते. वाटाड्यास ‘कंडक्टर’ म्हणत, आणि ज्या घरी रात्री आसरा मिळे त्यास ‘स्टेशन’ म्हणत. हॅरिएट टबमन नावाची स्त्री १८४९ साली मेरीलँडमधून एकटी निसटली. पण स्वतः सुटल्यावर स्वस्थ न बसता सुमारे तेरा वेळा परत त्याच प्रांतात शिरून तिने सत्तरएक माणसे बाहेर काढली. ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावी जॉन रँकिन नावाच्या पाद्र्याचे घर टेकडीवर आहे. पलीकडच्या तीरावरील गुलामांना ते दिसत असे, आणि नदी ओलांडून टेकडी चढून आलेल्यास तेथे थारा मिळे. १८५० साली पळालेल्या गुलामांस धरून परत देण्याचा कायदा अधिक कडक झाला, तेव्हा ही वाट थेट कॅनडापर्यंत लांबली. पुढे यादवी युद्ध होऊन १८६५ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. आज त्या देशात ही घरे, हे नदीकाठ, ही चर्चे जपून ठेविली आहेत. १९९८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि २००४ साली सिनसिनाटी येथे ओहायोच्या काठावर याच विषयाचे मोठे संग्रहालय उघडले. आईबाप मुलांस घेऊन तेथे जातात, आणि गोरी कुटुंबेही जातात, हे विशेष.

आपल्याकडे असे काही आहे काय, असा प्रश्न पुतणीने शाळेच्या पाठावरून विचारला, आणि तेथून आमच्या प्रवासाचा विचार सुरू झाला. इंग्रजी मुलखात गुलामीला कायद्याचा आधार राहणार नाही असे १८४३ साली ठरले. पण आपल्या गावगाड्यातील बांधिलकीस गुलामी असे नाव नव्हतेच. तिचे नाव होते वतन. वतन हा शब्द मानाचा. पण अस्पृश्य मानलेल्या महार समाजाच्या वतनात काय काय येई ते पाहावे. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्यापर्यंत पायी जाणे, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, चावडी झाडणे, शिवेचा वाद पडल्यास खुणा दाखविणे, गावात कोणी मेल्यास परगावच्या सोयऱ्यांना सांगावा नेणे आणि मेलेले ढोर ओढणे. यास वेळकाळ नव्हता. हाक आली की उठावयाचे. एकास बोलाविले आणि तो नसला तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. मोबदला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेलेली थोडीशी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. काम सोडू म्हणाल तर जमीन जाणार, आणि जमीन गेली तरी गाव काम सोडू देईलच असे नाही.

येथेच अमेरिकेतील वाट आणि आपली वाट यांत मोठा भेद पडतो. तेथील गुलामाने नदी ओलांडली की निदान काही काळ तरी तो मोकळा होई. आपल्याकडचा वेठीचा माणूस शिव ओलांडून गेला तरी पुढच्या गावात त्याला त्याच नावाने ओळखीत आणि तेच काम त्याच्यापुढे येई. म्हणून येथे मुक्तीची वाट रानावनातून गेली नाही. ती दफ्तरातून, शाळेतून, पाणवठ्यावरून आणि चहाच्या पेल्यातून गेली. करवीर संस्थानात ती पंचवीसेक वर्षांत आखली गेली, आणि तिची बहुतेक ठिकाणे आजही पायी हिंडून पाहता येतात.

आम्ही पंचगंगेच्या घाटापासूनच आरंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्तिकस्नानास आलेल्या शाहू छत्रपतींसाठी पुरोहिताने वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यातून वेदोक्ताचे प्रसिद्ध प्रकरण उद्भवले, ते याच ठिकाणी. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्याच्या नावाने राज्य चालते त्यालासुद्धा घाटाच्या पायरीवर आपली पायरी कोणती हे ऐकून घ्यावे लागले, तर ज्याला घाटावर पाऊलच ठेविता येत नव्हते त्याची कथा काय असेल, हा विचार त्या राजाच्या मनात पुढे दृढ होत गेलेला त्याच्या कृतींवरून दिसतो. एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम करवीर गॅझेटात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात अशा तऱ्हेच्या तजविजीचे हे अगदी आरंभीचे उदाहरण समजतात.

घाटावरून गावात शिरून आम्ही दसरा चौकात आलो. चौकात महाराजांचा पुतळा आहे, आणि भोवताली निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची मातृभूमी म्हणतात ते उगीच नव्हे. १९०१ सालापासून एकामागून एक बोर्डिंगे निघाली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, सारस्वत, असा प्रत्येक समाज आपापल्या मुलांची सोय करू लागला. या परिसरातच अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास दिलेले आहे. वर ज्या हॅरिएट टबमनचा उल्लेख केला ती त्या साली अद्याप जिवंत होती, १९१३ साली ती वारली. एवढे सांगितल्यावर पुतणीस काळाचा अंदाज चटकन आला. शाळेच्या पुस्तकात अमेरिका एका प्रकरणात आणि कोल्हापूर दुसऱ्या प्रकरणात असते. प्रत्यक्षात ही माणसे एकाच सूर्याखाली वावरत होती.

वसतिगृहाने मुलाच्या राहण्याची सोय झाली. पण शाळेत तो बसावयाचा कोठे? १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निश्चय झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एकाच शाळेत बसवावीत असा हुकूम निघाला. त्याच साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या येथे विटाळ मानू नये असे फर्मान सुटले. वहिनी शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, “निराळी शाळा काढणे सोपे, एका पट्टीवर दोघांना बसविणे कठीण. १९०८ पासून १९१९ पर्यंत अकरा वर्षे त्याला लागली, यात नवल नाही.” मला हे म्हणणे फार पटले. वाट म्हणजे एक उडी नव्हे. तिला टप्पे असतात.

दसरा चौकाजवळून भवानी मंडपाकडे जाणारा भाऊसिंगजी रस्ता हा आमचा पुढचा टप्पा. आज तो दुकानांनी आणि वाहनांनी गजबजलेला आहे. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे या गृहस्थांनी चहाचे दुकान काढले होते. त्याची कथा कोल्हापुरात अजून सांगतात ती अशी. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेत नोकरीस होते. वरिष्ठ जातीच्या नोकरांच्या हौदातील पाण्यास शिवल्याबद्दल त्यांना चाबकाने फोडून काढण्यात आले. महाराज त्या वेळी परगावी होते. ते परत आल्यावर गंगारामांनी सोनतळीच्या मुक्कामी जाऊन पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनी मारणारास शासन केले, आणि गंगारामांना नोकरीऐवजी स्वतःचा धंदा काढण्यास पैसे दिले. त्यांनी हॉटेल काढले, त्याला ‘सत्यसुधारक’ असे नाव दिले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक एक नाही. तेव्हा स्वतः छत्रपतींची गाडी दुकानासमोर उभी राहू लागली. महाराज चहा घेत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही घ्यावयास लावीत. कोणी कागदावर सही मागावयास आला तर आधी गंगारामाचा चहा, मग सही, अशी त्यांची तऱ्हा होती.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल, ती आमच्याही मनात आली. राजाच्या भिडेने घेतलेला चहा हा खरा चहा काय? आतून विटाळ मानावयाचा आणि बाहेरून पेला तोंडास लावावयाचा, त्यात काय मिळविले? अण्णामामांनी याचे उत्तर फार चांगले दिले. ते म्हणाले, “पहिला पेला भिडेने घेतला असेल. पण पेला घेऊन घरी गेल्यावर त्या माणसाला काही झाले नाही, हे त्याच्या बायकोने पाहिले असेल ना? दुसरा पेला तेवढा हलका झाला.” हे दुकान आज नाही. आम्ही त्याच रस्त्यावरील एका साध्या हॉटेलात बसून पाच चहा मागविले. बाहेरचा चहा मामा सहसा घेत नाहीत. प्रकृतीचे कारण सांगतात. त्या दिवशी त्यांनी अर्धा का होईना घेतला.

भवानी मंडपावरून आम्ही बिंदू चौकात गेलो. जुन्या तटबंदीचा बुरूज येथे अजून उभा आहे. या चौकात महात्मा जोतिराव फुले आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसविण्यात आले. डॉक्टर आंबेडकर त्या वेळी हयात होते; त्यांचे निर्वाण १९५६ सालचे. हयात माणसाचा पुतळा चौकात उभा करण्याइतकी कृतज्ञता एखाद्या गावास वाटावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. या दोन पुतळ्यांपुढे उभे राहिले असता अमेरिकेची वाट आणि आपली वाट एकमेकींस कोठे मिळतात तेही कळते. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले निग्रो लोकांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यामागची इच्छा होती.

संध्याकाळी गंगावेशीत ताजे धारोष्ण दूध घेऊन आम्ही मुक्कामास आलो, आणि जेवणानंतर बोलणे निघाले ते १९१८ सालाचे. मामांचे घराणे करवीर इलाख्यातील एका गावचे कुलकर्णी. त्या साली संस्थानात कुलकर्णी वतने बंद होऊन पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू झाली. मामांच्या घरी त्या सालाला ‘दफ्तर गेलेले साल’ म्हणतात. त्यांच्या आजोबांनी तांबड्या रुमालातील दफ्तर चावडीवर नेऊन दिले आणि त्या दिवशी घरी चूल पेटली नाही, असे ते लहानपणापासून ऐकत आलेले. पुढे त्या घराची मुले शिकली, सांगली-पुण्यास गेली, नोकऱ्यांस लागली. पण ते दफ्तर घरातून पुरते कधीच गेले नाही.

मी सांगितले की त्याच १९१८ साली संस्थानात महार वतनेही खालसा झाली. वतनी जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयतावा म्हणून करून देण्यात आल्या. त्यांवर इतर रयतेप्रमाणे सारा बसला, आणि सारा बसला म्हणून वेठीचे काम सुटले. महारांमधून तलाठी नेमण्यासही त्याच सुमारास सुरुवात झाली. पुतणी ऐकत होती. ती मामांना म्हणाली, “आजोबा, आपल्या घरी त्या सालाला दफ्तर गेलेले साल म्हणतात. मग त्यांच्या घरी काय म्हणत असतील?”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते विचारावयास आपल्या घरातून कोणी गेले नाही.”

दुसरे दिवशी सकाळी आम्ही पंचगंगा ओलांडून सोनतळीकडे गेलो. महाराजांच्या शिकारीचा आणि विश्रांतीचा हा तळ. माळरान, मधून उसाचे मळे, आणि दूरवर जोतिबाचा डोंगर. चोर म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता अशा फासेपारध्यांना महाराजांनी येथे आणून वसविले, काम दिले, आणि आपल्या पहाऱ्यावर नेमले. त्या काळी काही जातींच्या माणसांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. परगावी जावयाचे तर परवानगी काढावी लागे. अमेरिकेतील गुलामास मळ्याबाहेर पाऊल टाकण्यासाठी धन्याची चिठ्ठी जवळ बाळगावी लागत असे, त्याचेच हे भावंड म्हणावे. संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी १९१८ साली बंद झाली. १९२० साली वेठबिगारीसही कायद्याने बंदी झाली, आणि त्याच साली देवाच्या नावाने मुली सोडण्याच्या चालीविरुद्धही कायदा झाला. हा शेवटचा कायदा वाचताना आमच्या घरच्या दोघीही बराच वेळ गप्प होत्या. पुरुषाची वेठ चावडीवर दिसते, मुलीची वेठ देवळाच्या आड जाते, असे पत्नी म्हणाली.

सोनतळीहून परत गावात येऊन आम्ही पूर्वेची वाट धरली. कोल्हापूरच्या स्थानकास आज छत्रपती शाहू महाराजांचेच नाव आहे. तेथून मिरजेकडे गाडी सुटली की थोड्याच वेळात वळिवडे लागते. या स्थळाचा आपल्या विषयाशी साक्षात संबंध नसला तरी ते वगळून पुढे जाववत नाही. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरियासारख्या दूर मुलखात सक्तीच्या मजुरीस नेले होते. १९४१ साली त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. थंडीतून सुटलेली ती मुले या उसाच्या मुलखात वाढली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ज्या मातीने परक्यांच्या सुटलेल्या लेकरांना पोटाशी धरले त्याच मातीत आपल्यांना सोडविण्याची खटपट आधी झाली होती, हे ध्यानात ठेविण्यासारखे आहे.

वळिवड्यापुढे पंचगंगेवरचा पूल ओलांडला की रुकडी येते, आणि रुकडीपासून जवळच माणगाव. आज ते हातकणंगले तालुक्यात आहे. पूर्वी ते कागल जहागिरीत होते, आणि जहागिरीचे अधिपती म्हणजे महाराजांचे सख्खे बंधू बापूसाहेब. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी या खेड्यात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. स्वागताचा भार गावचे आप्पासाहेब पाटील यांनी उचलला होता. हे गृहस्थ जैन समाजाचे. अध्यक्ष होते भीमराव रामजी आंबेडकर. वय अवघे अठ्ठावीस, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, ‘मूकनायक’ पत्र सुरू करून त्यांस दोन महिनेही झाले नव्हते. त्या पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. परिषदेस महाराज स्वतः आले, आणि तुम्हांस तुमचा पुढारी मिळाला आहे, हा पुढे साऱ्या हिंदुस्थानचा पुढारी होईल, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. एका संस्थानाधिपतीने जमलेल्या अस्पृश्यांस, आता माझ्याकडे पाहू नका, आपल्या माणसाकडे पाहा, असे सांगावे, हीच माझ्या मते या वाटेवरील सर्वांत मोठी खूण. टबमनबाई पुढे चालत, आणि मागचे त्यांच्या विश्वासाने चालत. येथेही त्या दिवसापासून वाटाड्या आपल्यातला मिळाला. त्याच साली डॉक्टर आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास पुन्हा विलायतेस गेले. महाराज १९२२ साली मे महिन्यात मुंबईस वारले. त्यांनी लाविलेली रोपे कशी वाढली ते पाहण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

माणगावच्या स्मारकाजवळ एक निवृत्त शिक्षक आपल्या नातवास घेऊन आले होते. राहणार करवीर तालुक्यातील एका खेड्याचे. बोलता बोलता त्यांच्या घराण्याकडे महारकीचे वतन होते असे निघाले. पुतणीने माझ्याकडे पाहिले, मग मामांकडे पाहिले, आणि नमस्कार करून त्यांना आपला कालचा प्रश्न विचारला. “गुरुजी, तुमच्या घरी त्या सालाला काय म्हणतात?”

ते हसले. म्हणाले, “नाव असे काही नाही. पण माझी आजी सांगायची, ‘त्या सालापास्नं आम्ही दाराला आतनं कडी घालाय लागलो.’ तोवर कडी घालून उपयोग नव्हता. मध्यरात्री हाक आली की उघडायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की शिव्या.”

कोणी काही बोलले नाही. मामा काठी टेकीत पुढे झाले आणि त्यांनी त्या गुरुजींच्या गावचे नाव विचारले. ते मामांच्या वडिलोपार्जित गावापासून दोन गावे सोडून निघाले. मग दोघेही पारावर बसले आणि अर्धा तास त्यांचे बोलणे चालले. कोणत्या ओढ्याला पूर येई, कोणत्या पाटलाची घोडी नाठाळ होती, तलाठी प्रथम कोण आला. दोघांच्या आजोबांनी एकाच चावडीसारख्या चावडीवर हजेरी लाविली होती. एक ओट्यावर बसलेला, एक ओट्याखाली उभा. दफ्तर जाणे आणि कडी लागणे या दोन गोष्टी सारख्या वजनाच्या आहेत असे मी म्हणत नाही. एका घरची मिळकत आणि मान गेला. दुसऱ्या घरी रात्रीची झोप आली. परंतु एकाच सालाच्या या दोन आठवणी शंभर वर्षांहून अधिक काळ दोन निराळ्या घरांत राहिल्या, आणि एकीला दुसरी ठाऊक नव्हती, हे मात्र खरे.

इतर मुलखात ही वाट किती लांबली तेही सांगावयास हवे. मुंबई इलाख्यात महार वतनाचे ओझे दूर व्हावे म्हणून डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले. ते तडीस गेले नाही. १९५० साली राज्यघटना अंमलात आली, तिच्या तेविसाव्या कलमाने वेठ आणि बिगार यांस बंदी घातली. कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ सालचा. म्हणजे करवीराने जे १९१८ साली केले तेथवर पोचावयास इतरांस चाळीस वर्षे लागली. कर्जापायी माणूस बांधून ठेवण्याच्या चालीविरुद्ध तर १९७६ साली कायदा करावा लागला. वाट संपली असे म्हणावयास अजून धीर होत नाही. अजूनही वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेली कुटुंबे सोडविल्याच्या बातम्या आपण वाचतो.

आता जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. गावातील ठिकाणे, म्हणजे घाट, दसरा चौक, भाऊसिंगजी रस्ता, भवानी मंडप आणि बिंदू चौक, ही एका सकाळी पायी होतात; वृद्ध माणसे बरोबर असल्यास रिक्षा करावी. सिद्धार्थनगराजवळील नर्सरी बागेत महाराजांची समाधी आहे, तेथेही जावे. सोनतळी आणि माणगाव यांसाठी दुसरा दिवस ठेवावा. माणगावाहून नरसोबाची वाडी फार दूर नाही, तेव्हा वाडीच्या दर्शनास जाणाऱ्यांस वाट वाकडी करण्याचे निमित्तही उरत नाही. आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी वाडीस पोचलो आणि धुपारतीस उभे राहिलो. मुले बरोबर असल्यास निघण्यापूर्वी घरातील वडील माणसांना जुन्या गोष्टी विचारून ठेवाव्यात. वतन होते काय, कोणते होते, ते केव्हा गेले. उत्तर कडू असले तरी चालेल.

दरवर्षी आषाढात हजारो माणसे पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेने भर पावसात चालतात. १६६० सालच्या त्या रात्री शिवछत्रपती वेढ्यातून सुटले, आणि त्यांच्यासाठी शिवा काशिद व बाजीप्रभू कामास आले, ही आठवण ठेवून ती माणसे चिखल तुडवितात. राजा सुटला ती वाट आपण विसरलो नाही, हे भूषणावह आहे. त्याच राजाच्या वंशातील एका छत्रपतीने प्रजेतील सर्वांत खालच्या माणसास सोडविण्यासाठी जी वाट पाडली ती पन्हाळ्याच्या पायथ्यापासून फार लांब नाही. तिच्यावर चिखल नाही, चढण नाही, आणि पोचावयास दोन दिवस पुरतात. मामांनी परत आल्यावर गुरुजींना पत्र घातले आहे. चैत्रात ते उभयता आमच्याकडे यावयाचे आहेत.